पंक्तीतले भाऊराव

चार माणसांत मिसळणे आपणांस सोपे वाटते, कारण ती चार माणसे बहुधा आपल्याच आळीतली असतात. परका मनुष्य पाटाला पाट लावून बसला म्हणजे खरी परीक्षा होते. ही परीक्षा ज्यांनी आपल्या घरातच मांडली, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुळात झाला. त्यांचे मूळ घराणे सांगलीकडील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहिले. सन १९०८ मध्ये तेथे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले, त्या समारंभास ते गेले. परतल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, अशी व्यवस्थापकांची आज्ञा झाली. भाऊरावांनी ती मानली नाही, आणि बोर्डिंगातून त्यांचे नाव निघाले. परीक्षा पास होण्यात त्यांस फारसे यश आले नाही. मात्र हा धडा ते जन्मभर विसरले नाहीत.

पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर व ओगल्यांचे कंदील विकीत गावे पालथी घातली. फिरस्त्या विक्रेत्यास चावडीवर, ओसरीवर, बांधावर बसून बोलावेच लागते. त्या बोलण्यातूनच त्यांस खेडुतांच्या मुलांची दैना कळली असावी, असे आम्हांस वाटते. सन १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास आणिली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मुसलमान, जैन अशी मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत आणि एका पंक्तीस जेवीत. गावात पाणवठे निराळे होते, त्या काळची ही गोष्ट! सन १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या गृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले.

या पंक्तीचा खरा भार लक्ष्मीबाईंनी वाहिला. सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या त्या बाईंस आरंभी हे जड गेले; पण पुढे सर्व जातींची पोरे त्यांस वहिनी म्हणू लागली. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांनी दागिने मोडले, आणि अखेर मंगळसूत्रही दिले. सन १९३० मध्ये त्या वारल्या. भाऊराव त्यानंतर एकोणतीस वर्षे, ९ मे १९५९ पर्यंत, जगले, आणि त्या मुलांत ते अण्णा म्हणूनच वावरले.