बर्थोले नेमके कुठे बरोबर होते, कुठे चुकले? समजून घ्या
रसायनशास्त्रज्ञ क्लॉड लुई बर्थोले यांचा जन्म १७४८ मध्ये सॅव्हॉयमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये झाला. शिक्षणाने डॉक्टर, पण नाव झालं क्लोरीनने कापड पांढरं करण्याच्या पद्धतीमुळे.

१७९८ मध्ये ते नेपोलियनसोबत इजिप्तला गेले. तिथल्या नेट्रॉन सरोवरांच्या काठी सोडा साचलेला होता. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराईडपासून चुनखडी आणि मीठ बनतं. इथे उलटं घडत होतं. कारण होतं मिठाचा प्रचंड साठा. अभिक्रियेची दिशा पदार्थाच्या प्रमाणावरही ठरते, हे त्यांनी ओळखलं.

मात्र संयुगातील घटकांचं प्रमाणही बदलतं, असं त्यांनी मांडलं आणि तिथे ते चुकले. ते ज्यांना संयुगं समजत होते त्यातली काही मिश्रणं आहेत, हे जोसेफ प्रूस्त यांनी दाखवलं. १८२२ मध्ये बर्थोले यांचं निधन झालं.

१८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी प्रमाणाचा हाच मुद्दा नियमात बसवला. आज त्यात संहती मोजतात. पाण्यात मीठ विरघळवत गेलं की मिठाची संहती वाढते. शुद्ध चुनखडी मात्र चिमूटभर असो वा डोंगरभर, तिच्या एका लिटरमध्ये सुमारे २७ मोलच असतात. म्हणूनच समतोलाच्या समीकरणात शुद्ध घन पदार्थाची संहती लिहीत नाहीत.