बाबूराव पेंटर: कॅमेरा मिळेना म्हणून तो बनवणारे कोल्हापूरकर

दिवाळीत जयसिंगपूरला घरी आजीचा फोटो काढत होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला फ्लॅश सहन होत नाही. मागे खिडकी, वर ट्यूबलाइट; चेहरा काळा, बाहेरचं आभाळ पांढरंफटक. शेवटी ट्यूब बंद केली, कारण दोन रंगांचे उजेड एकत्र आले की फोनचा व्हाइट बॅलन्स गोंधळतो. आजीला खिडकीकडे कडेने बसवलं आणि सावलीच्या बाजूला बहिणीने पांढरी चादर धरली. फोटो जमला, आणि मला आपले बाबूराव आठवले.

बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, १८९० मध्ये कोल्हापुरात जन्मले. नात्यातल्या आनंदरावांबरोबर ते नाटकांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आल्यावर दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा नव्हता, तर आपणच बनवू म्हणाले! पण १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट. इथे बहुतेकांनी नाद सोडला असता (मी तर ॲप क्रॅश झालं तरी सोडतो). बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने कात्री लावली.

त्या काळी शूटिंग म्हणजे उन्हाचा खेळ. ढग आला की काम थांबलं. १९२३ च्या 'सिंहगड'साठी बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले.

पण मला जास्त भावतो तो १९२५ चा 'सावकारी पाश'. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची गोष्ट, त्यात तरुण व्ही. शांताराम. या मूकपटाची प्रिंट आज उरलेली नाही. पाहणाऱ्यांच्या आठवणीत राहिली ती एक उदास झोपडी: जवळजवळ सगळा अंधार, आणि त्यात रडणारं एक कुत्रं. पडदे रंगवणाऱ्या माणसाला माहीत होतं, किती काळं ठेवायचं ते. आपले फोन मात्र अंधार दिसला की लगेच उजळवतात. चेहऱ्यावर टॅप करा आणि शेजारचं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' उभी केली. बाबूरावांनी १९३६ मध्ये 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला. १९५४ मध्ये ते गेले.

आजीचा फोटो मी तसाच ठेवलाय, अर्धा चेहरा सावलीत. ती म्हणते, दुसऱ्या बाजूच्या सुरकुत्या लपल्या ते बरं झालं.