सगळा समुद्र सारखा नसतो!

दोस्तांनो, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरी भंडारदऱ्यातून सुटलेलं प्रवरेचं पाणी प्रवरासंगमला गोदावरीत मिसळतं आणि पार बंगालच्या उपसागराच्या दिशेनं निघतं. सोबत शेतातली माती आणि खतांचा अंशही नेतं. समुद्रात त्यावर पोसले जातात ते डोळ्यांना न दिसणारे वनस्पती-प्लवक. हे प्लवक कुठे दाट, कुठे विरळ असतात, यावर एका माणसानं जोरदार भांडण मांडलं होतं. त्याचं नाव अर्न्स्ट हेकेल.

१८३४ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅमला त्याचा जन्म झाला. वडिलांच्या आग्रहाखातर तो डॉक्टर झाला, पण पेशंटमध्ये त्याचं मन रमेना. घरच्यांचं एक आणि मनात भलतंच, हे तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटेल! १८५९ मध्ये तो इटलीतल्या मेसिना बंदरात पोहोचला. बारीक जाळी पाण्यातून ओढायची आणि हाती येईल ते सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, हा त्याचा दिनक्रम. तिथे त्याला रेडिओलेरिया भेटले. जीव एकाच पेशीचा, पण सांगाडा काचेसारख्या सिलिकाच्या नक्षीचा! शंभरावर नव्या जाती त्याला सापडल्या आणि आयुष्याची दिशाही.

पुढे तो येना विद्यापीठात प्राध्यापक झाला. १८६४ मध्ये, नेमक्या त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, पत्नी ॲना वारली. तो पार खचला, पण स्वतःला कामात गाडून घेतलं. १८८१ मध्ये सिलोनला जाताना तो मुंबईत उतरला. घारापुरी आणि कार्ल्याची लेणी पाहून गेला. ‘चॅलेंजर’ जहाजानं जगभरातून आणलेले रेडिओलेरियाचे नमुने त्यानं वर्षानुवर्षं तपासले. १८८७ च्या अहवालात हजारो नव्या जाती होत्या.

त्याच वर्षी व्हिक्टर हेन्सेन या शास्त्रज्ञानं ‘प्लँक्टन’ हा शब्द दिला. १८८९ मध्ये त्यानं अटलांटिकवर मोहीम नेली आणि जाळ्यातले जीव चक्क मोजले. त्याचा दावा असा, की खुल्या समुद्रात प्लवक बऱ्यापैकी सारखे पसरलेले असतात. म्हणून थोड्या नमुन्यांवरून सगळ्याचा हिशेब लागतो. हेकेल भडकला. प्रवाह, वारा, ऋतू यांमुळे कुठे थवे तर कुठे ओसाडी, आणि किनाऱ्याचे प्लवक वेगळे, खुल्या समुद्रातले वेगळे, असं त्यानं १८९० मध्ये पुस्तकच लिहून मांडलं. मोजणी तर त्याला वेळेचा अपव्यय वाटायची.

मग जिंकलं कोण? विरळ-दाटीबद्दल हेकेल बरोबर निघाला. नद्यांमुळे आणि खालून वर येणाऱ्या पाण्यामुळे किनाऱ्याजवळ पोषकद्रव्यं मिळतात, तिथे डायटमसारखे प्लवक फोफावतात. दूरच्या निळ्याशार पाण्यात पोषण कमी, म्हणून तिथे बहुतेक अगदी चिमुकल्या पेशी. पण हे पक्कं कळलं ते मोजूनच! म्हणजे पद्धत हेन्सेनची टिकली.

हेकेलच्या बाकीच्या चुका मात्र लहान नव्हत्या. माणसांच्या वंशांची त्यानं लावलेली उतरंड विज्ञानानं साफ नाकारली आणि त्याच्या गर्भांच्या चित्रांवरही खोटेपणाचा आरोप झाला. १९१९ मध्ये तो येनालाच वारला.

पुढच्या वेळी कोकणात गेलात आणि पाणी हिरवट दिसलं, तर लगेच नाक मुरडू नका. त्यात गाळ असेल, तसे प्लवकही असतील. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास निम्मा भार हेच इवले जीव उचलतात.