व्हिटॅमिन सी सिरम घेताय? आधी कमला सोहोनींची गोष्ट वाचा

मोबाइल उघडला की दर चार रीलमागे एक व्हिटॅमिन सी सिरमची असते. कुणी म्हणतं सुरकुत्या जातील, कुणी म्हणतं अँटिऑक्सिडंटमुळे वय दिसणार नाही. हे आता पुण्या-मुंबईपुरतं राहिलेलं नाही. परंड्यात बसूनही बाटली मागवता येते.

पण त्या बाटलीत व्हिटॅमिन किती आणि वापरेपर्यंत टिकतं किती? खाण्यापिण्याच्या वस्तूंबाबत हाच प्रश्न एका मराठी शास्त्रज्ञ महिलेने प्रयोगशाळेत नेला होता. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी.

माहेरचं नाव कमला भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले.

१९३३ मध्ये बीएस्सी झाल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. मार्क उत्तम होते, तरी अर्ज नाकारला गेला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता.

कमलाबाई थेट बंगळुरूला जाऊन धडकल्या आणि प्रवेश घेऊनच थांबल्या. पण अटी अपमानास्पद होत्या. पहिलं वर्ष प्रोबेशनवर आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. त्यांनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं आणि १९३६ मध्ये एमएस्सी मिळवली. त्यांचं काम पाहून पुढे मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं.

मग केंब्रिज. तिथे त्यांनी वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचं दाखवलं. पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवते, त्या साखळीतला हा एक दुवा. याच साखळीतून थोडे उपद्रवी रेणूही तयार होतात आणि त्यांना आवर घालणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांमध्ये त्या होत्या.

भारतात परतल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. तिथे विषय होता व्हिटॅमिन. १९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

इथलं त्यांचं गाजलेलं काम नीरेवरचं. नीरा पौष्टिक असते हे लोक म्हणतच होते. कमलाबाईंनी ते मोजून पाहिलं. तिच्यात व्हिटॅमिन ए, व्हिटॅमिन सी आणि लोह सापडलं. नीरा आटवून केलेल्या गुळातही हे घटक टिकतात, असं दिसलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर महिलांच्या आहारात नीरा दिल्यावर फरक पडला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

त्यांनी सिरमवर कधी काम केलं नाही. पण त्यांची रीत सिरमलाही लागू पडते. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन बनवायला शरीराला व्हिटॅमिन सी लागतं, हे खरं. ते फार कमी पडलं तर स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. म्हणून आवळा, पेरू, लिंबू आधी ताटात हवं. बाटलीतलं व्हिटॅमिन सी मात्र हवा आणि उजेडाने खराब होतं. सिरम तपकिरी पडलं की त्याचा दम गेला असं समजायचं. व्हिटॅमिन ए पासून बनलेली रेटिनॉइड्स सुरकुत्यांवर काम करतात, पण गरोदरपणात ती वापरायची नसतात. आणि चेहऱ्यावर वय दिसण्यामागे सगळ्यात मोठा हात उन्हाचा. परंड्याच्या एप्रिलमधल्या उन्हात डोक्यावरचा पदर, स्कार्फ आणि सनस्क्रीन यांचं काम सिरमच्या आधीचं.

कमलाबाई नंतर कंझ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या अध्यक्ष झाल्या. ग्राहकांनी फसू नये म्हणून संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात त्या लिहायच्या. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा रील नव्हत्या.

पण जाहिराती तेव्हाही होत्या. प्रवेशासाठी भांडून मिळवलेलं ज्ञान त्यांनी शेवटी सामान्य ग्राहकाच्या हातात ठेवलं. पुढच्या वेळी ‘बाय नाऊ’ दाबण्याआधी लेबल उलटून वाचलं, तरी त्या ज्ञानाचं चीज होईल.