विश्लेषण : क्युबा-ब्राझीलचा ताल पुणतांब्याच्या माणसाने हिंदी गाण्यात कसा आणला? काय सांगतात सी. रामचंद्र यांच्या जुन्या तबकड्या?

कर्जत-खालापूर पट्ट्यात हळदीच्या रात्री बेंजो किंवा ब्रास बँड रंगात आला की एखादे काका हमखास 'भगवान स्टाईल' नाचतात. खांदे हलके, पाय जागच्या जागी. या नाचाला ज्या चित्रपटाने घरोघरी नेले तो 'अलबेला' १९५१ सालचा. त्याचे संगीत सी. रामचंद्र यांचे होते. क्युबा, त्रिनिदाद, ब्राझील इथल्या जुन्या, दुर्लक्षित नाच-संगीताच्या रेकॉर्ड शोधून पुन्हा प्रकाशित करण्याची लाट सध्या जगभर आहे. त्याच तालांचा मराठी अध्याय मात्र फारसा कोणी उघडत नाही.

कोण होते सी. रामचंद्र?

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांबा येथे झाला. नागपूरला आणि नंतर पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात त्यांनी शास्त्रीय गाणे शिकले. मात्र त्यांना चित्रपटात नायक व्हायचे होते. 'नागानंद' या चित्रपटात ती संधी मिळालीही, पण अभिनेता म्हणून जम बसला नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये छोट्या भूमिका करता करता ते हार्मोनियम वाजवू लागले आणि तिथून संगीताकडे वळले. संगीतकार म्हणून सुरुवात झाली ती दोन तमिळ चित्रपटांनी. १९४२ मध्ये मास्टर भगवान यांच्या 'सुखी जीवन'ने हिंदीचे दार उघडले.

परदेशी ताल त्यांच्यापर्यंत कसा पोहोचला?

तेव्हाच्या मुंबईत बड्या हॉटेलांमध्ये जॅझचे बँड वाजत. अमेरिकी चित्रपट आणि रेकॉर्डमधून स्विंग, रुंबा, सांबा शहरात येत होते. चितळकरांवर बेनी गुडमन या अमेरिकी क्लॅरिनेटवादकाचा प्रभाव होता. पण ऐकणे वेगळे आणि वाजवून घेणे वेगळे. तो दुवा गोव्याच्या वादकांनी जोडला. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्यामुळे संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवून ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन अशा प्रत्येक वाद्याला वाटून देणे त्यांना जमे.

त्यातलेच एक होते बार्देशातल्या हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ. 'चिक चॉकलेट' या नावाने ते ट्रम्पेट वाजवत. लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड गाजला. दिवसा स्टुडिओत ते चितळकरांचे सहायक असत. 'अलबेला'तल्या एका नाचगाण्यात ते आपल्या बँडसह झालरीचे शर्ट घालून पडद्यावरही दिसतात.

कोणत्या गाण्यांत हे ताल सापडतात?

'शहनाई' (१९४७) मधल्या रविवारच्या गाण्यात सॅक्सोफोन, गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ एकत्र आली. 'समाधी' (१९५०) मधले 'गोरे गोरे' हे 'चिको चिको' या गाण्यावरून घेतले आहे. 'डॉल फेस' (१९४५) या अमेरिकी चित्रपटात ते कार्मेन मिरांडाने गायले. ती पोर्तुगालमध्ये जन्मलेली, रिओत वाढलेली ब्राझीलची सांबागायिका. गंमत म्हणजे ती चाल बांधली होती जिमी मॅकह्यू या अमेरिकी संगीतकाराने. म्हणजे मुंबईत आलेला 'ब्राझील' आधीच हॉलीवूडमधून फिरून आला होता.

'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'मध्ये बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आहेत. बोंगो ही क्युबाची जोड-ढोलकी, मांडीत धरून बोटांनी वाजवायची. पुढे 'आशा' (१९५७) मधल्या 'ईना मीना डीका'ने रॉक अँड रोल आणला.

मग ही नक्कलच होती का?

'गोरे गोरे'पुरते उत्तर होय, असेच द्यावे लागेल. पण 'शोला जो भडके' ऐका. ताल बाहेरचा आहे, तरी चाल आपल्या गळ्यासाठी बांधलेली आहे. पटवर्धनबुवांकडची तालीम असलेला माणूसच हे करू शकला. त्याच माणसाने 'अनारकली' (१९५३) आणि 'आझाद' (१९५५) दिले.

तरीही अशा गाण्यांना मान कमी मिळाला. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती-नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. उथळपणा आणि पाश्चात्त्य अनुकरण हा आक्षेप होता. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायले आणि चितळकरांचे नाव कायमचे त्या गाण्याशी जोडले गेले. नाचाच्या तबकड्या 'हलक्याफुलक्या' म्हणून मागे पडल्या. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेले, चितळकर ५ जानेवारी १९८२ रोजी.

तबकडीवर कोणाचे नाव असे?

इथेच खरी मेख आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे आणि मधल्या गोल कागदावर मोजकी नावे मावत: चित्रपट, गायक, संगीतकार. या एकाच माणसाची तिथे दोन नावे सापडतात. संगीतकार सी. रामचंद्र, गायक मात्र चितळकर. अनेकांना ती दोन माणसे वाटली. पण ट्रम्पेट फुंकणाऱ्याचे, बोंगो वाजवणाऱ्याचे, स्वरलिपी लिहिणाऱ्याचे नाव नसे. वादकांना दिवसाची मजुरी मिळे आणि काम तिथेच संपे. ब्राझील-क्युबाच्या जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढताना चांगले प्रकाशक वादकांची नावे शोधून छापतात. आपल्याकडे गाणी मोबाइलवर आली, नावे मात्र मागेच राहिली.

घरात जुन्या तबकड्या सापडल्या तर?

जुनी ७८ची तबकडी लाखेपासून बनते, म्हणून पडली की फुटते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, लाख विरघळते. कोरड्या मऊ कापडाने पुसा, उभी ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, म्हणून माळ्यावरून खाली कोरड्या जागी आणा. साध्या एलपीच्या सुईवर ती लावू नका. तिला ७८चा वेग आणि जाड सुई लागते.

आणि घरातले कोणी वाजंत्री असतील, कोणत्या गाण्यात काय वाजवले हे सांगत असतील, तर ते आजच लिहून घ्या. तबकडी दुसऱ्या कोणाकडे सापडू शकते, वाजवणाऱ्याचे नाव त्याच्या घरीच सापडेल.