शिशाच्या धुळीचा माग काढणारी डॉक्टर

कारखान्यात अपघात झाला तर तारीख, वेळ आणि साक्षीदार असतात. तोच कामगार रोजच्या धुळीने दहा वर्षांत खंगला, तर यातले काहीच नसते. नुकसानभरपाईचे घोडे नेमके इथेच अडते. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांचे अर्धे आयुष्य हा पुरावा गोळा करण्यात गेले.

जन्म १८६९ चा, न्यूयॉर्कमधला. १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या आणि १८९७ मध्ये शिकागोच्या ‘हल हाऊस’ या सेवाकेंद्रात राहायला गेल्या. आजूबाजूला स्थलांतरित मजुरांची वस्ती. पोटात मुरडा, हिरड्यांवर निळसर रेघ, लुळे पडलेले मनगट ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे. युरोपात या आजारांची नोंद होत असे. अमेरिकेत मात्र आमच्याकडे असे काही नाहीच, असा समज होता.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने पाहणीचे काम त्यांच्याकडे सोपवले. कारखान्याच्या नोंदींवर त्या विसंबल्या नाहीत. रुग्णालयांची कागदपत्रे चाळली, औषधविक्रेते आणि धर्मगुरूंना विचारले, मजुरांची घरे गाठली. न्हाणीचे टब मुलाम्याने मढवणारा एक पोलिश कामगार शिशाने आजारी होता. पण कारखान्यात शिसे वापरतच नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्याच्या घरी गेल्यावर उलगडा झाला. त्यांना दाखवलेले काम केवळ शेवटचा हात फिरवण्याचे होते. तापून लाल झालेल्या टबावर भुकटी भुरभुरण्याचे काम दुसरीकडे चाले. त्या भुकटीत भरपूर शिसे निघाले. अखेर ७७ प्रकारच्या कामांत शिसे आणि ५७८ रुग्ण, असा हिशेब त्यांनी मांडला.

एडवर्ड कॉर्निश या शिसे उद्योजकाचा आधी विश्वास बसेना. हॅमिल्टन यांनी रुग्णालयात दाखल करावे लागलेल्या २२ कामगारांची नोंद पुढे ठेवली. त्याने ऐकले आणि कारखाने सुधारले. असे मालक थोडेच.

१९११ मध्ये इलिनॉयने व्यवसायजन्य आजारांचा कायदा केला. पण घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवून आजारी पडलेल्या स्त्रियांनी त्याचा आधार घेतला, तेव्हा १९३५ मध्ये न्यायालयाने त्यातील तरतुदी संदिग्ध ठरवून रद्द केल्या. पुढच्याच वर्षी नवा कायदा आला.

दरम्यान १९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना नेमले. तिथल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. तरीही पदवीदान मिरवणुकीत चालायचे नाही आणि फुटबॉलची तिकिटे मागायची नाहीत, या अटी होत्याच! १९७० मध्ये, १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांत अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेचा व आरोग्याचा केंद्रीय कायदा झाला.

आज तोच पेच अग्निशामकांपुढे आहे. आगीच्या धुराने होणाऱ्या कर्करोगाचा दिवस कोण सांगणार? २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे काम कर्करोगकारक ठरवले. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा यांबाबत पुरावा पुरेसा मानला. अमेरिकेतील अनेक राज्यांत आता यादीतला आजार कामामुळेच झाला, असे गृहीत धरतात. तसे नाही हे दाखवण्याचा भार नाकारणाऱ्यावर. काही राज्यांत रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांनाही काही संसर्गांबाबत हे संरक्षण आहे. कोणता आजार यादीत घ्यायचा आणि किती वर्षांची नोकरी हवी, हे राज्यागणिक बदलते, आणि दावे बहुधा तिथेच अडकतात.