धुंडिराज फाळके यांची बडोद्यातील शाळा

धुंडिराज हे आपल्या गणरायाचेच एक नाव. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ज्यांना सारा देश ओळखतो त्या दादासाहेब फाळके यांचे हेच नाव, धुंडिराज गोविंद फाळके. उत्सवाच्या या स्मरणिकेत त्यांचे स्मरण करावे असे आम्हाला वाटले त्याला एवढे निमित्तही पुरले असते. पण आम्हा बडोदेकरांना आणखी जवळचे कारण आहे. दादासाहेब आपल्या गावात शिकले.

त्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. घर वैदिक परंपरेचे, वडील संस्कृतचे पंडित. अशा घरातल्या मुलाने शास्त्री व्हावे हे ओघानेच आले. धुंडिराजांचा ओढा मात्र चित्रे काढण्याकडे. वडील मुंबईस विल्सन कॉलेजात शिकवू लागले, तसे कुटुंब मुंबईस आले आणि 1885 मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथून थोरल्या बंधूंच्या मागोमाग ते बडोद्यास आले.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कलाभवन सुरू केले. प्रमुख होते रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास गज्जर. चित्रकार, सुतार, रंगारी, यंत्रज्ञ यांची विद्या एकाच छपराखाली शिकवायची, हा त्यामागचा विचार. आज आपली मुले ज्या आवारात इंजिनियरिंग शिकतात, तेच हे कलाभवन. धुंडिराजांना अशीच शाळा हवी होती. तैलचित्रे, मूर्तिकाम, वास्तूचे आराखडे, फोटोग्राफी, जे समोर आले ते त्यांनी शिकून घेतले. नाट्यगृहाच्या एका प्रतिकृतीसाठी 1892 मध्ये अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. गज्जरांनी या विद्यार्थ्याला नेमके पारखले होते. त्यांनी त्याला छपाईचे ठसे करण्याची विद्या शिकायला रतलामला धाडले आणि परतल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरायला दिली.

यापुढची वीस वर्षे कोणत्याही पालकाची झोप उडवणारी आहेत. गोध्रा येथे फोटोग्राफीचा व्यवसाय थाटला, तो प्लेगच्या साथीत मोडला. त्या साथीत पहिली पत्नी आणि मूलही गेले. बडोद्यास परत येऊन पुन्हा स्टुडिओ काढला, तर कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून जादू शिकले आणि आपले आडनाव उलटे वाचून प्रोफेसर केळफा या नावाने खेळ केले. 1902 मध्ये दुसरा विवाह झाला आणि सरस्वतीबाई घरात आल्या. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी धरली, पण स्वदेशीच्या काळात ती सोडून छापखाना काढला. रंगीत छपाईचे तंत्र पाहायला 1909 मध्ये जर्मनीस जाऊन आले. छापखाना नावारूपास आला आणि भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. वय चाळिशीचे, हातात काही नाही. धरसोड करणारा माणूस, असेच नातेवाइकांत बोलले जात असेल.

1911 मध्ये मुंबईच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. रात्रंदिवस चित्रपट पाहून डोळे अधू झाले, ते उपचारांनी वाचले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये ते लंडनला गेले. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि दोनेक महिन्यांत परतले. चित्रपटाचे रीतसर शिक्षण म्हणावे ते एवढेच.

एवढ्यावर चित्रपट कसा तयार झाला, हा प्रश्न आम्हाला पडला, तेव्हा उत्तर कलाभवनात सापडले. आज विद्यापीठात चित्रपट, दूरदर्शन किंवा दृश्यपरिणाम शिकायचे म्हटले की छायाचित्रण, नेपथ्य, प्रतिकृती, प्रयोगशाळा असे वेगवेगळे विषय असतात. दादासाहेबांनी हे सारे विषय आधीच पदरी बांधले होते. फक्त त्यांना एकत्र गुंफणारी कला तोवर त्यांच्यासमोर आली नव्हती. परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठराविक वेळाने एकेक चित्र घेत त्याचा वेल मिनिटाभरात वाढताना पडद्यावर दाखवला. ते पाहून सावकार कर्ज द्यायला तयार झाले.

राजा हरिश्चंद्र दादरला तयार झाला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. तारामती झाले अण्णा साळुंके, कारण स्त्रिया काम करायला तयार नव्हत्या. फिल्मच्या कडेला भोके पाडणे, ती धुणे हे काम अंधाऱ्या खोलीत रात्री सरस्वतीबाईंनी केले. चित्रपटासाठी दागिनेही त्यांनीच उतरवून दिले. आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. त्यांचे नाव या चरित्रात तळटीप म्हणून येऊ नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

पुढच्या चित्रपटांत तर त्यांची सगळी विद्या कामी आली. लंकादहन (1917) मध्ये साळुंके राम झाले आणि सीताही. कृष्णजन्मात कंसाचे शिर धडावेगळे होऊन पुन्हा जागेवर येते. कालियामर्दनात दादासाहेबांची कन्या मंदाकिनी कृष्ण होऊन नागाशी झुंजते. त्या काळी असे चमत्कार कॅमेऱ्यातच घडवायचे. भिंगाचा एक भाग झाकून चित्रण करायचे, फिल्म मागे फिरवायची आणि उरलेल्या भागावर पुन्हा चित्रण करायचे. बोटभर चूक झाली तर सारे फुकट. रंगीत छपाईत तीन ठसे कागदावर केसभरही न हलता एकावर एक बसवण्याची ज्यांना सवय, त्यांच्या हाताला हे परके नव्हते. प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची, ते जादूने शिकवले होते.

शेवट मात्र गोड नाही. बोलपट आले आणि काळ बदलला. सेतुबंधनाला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूरसाठी केलेला गंगावतरण (1937) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनीच उभ्या केलेल्या धंद्याला त्यांचा विसर पडत चालला होता. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू झाला तो 1969 मध्ये, पंचवीस वर्षांनी.

आपल्या घरांतूनही आता मुले-मुली म्हणतात, आम्हाला ॲनिमेशन शिकायचे आहे, कॅमेरा शिकायचा आहे. यातून पोट भरेल का, ही वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नाही. दादासाहेबांच्या घराने तिची किंमत मोजली आहे. आमचे सांगणे इतकेच की नकार देण्याआधी मुलाच्या हाताला काय येते ते गज्जरांच्या नजरेने एकदा पाहावे. आणि मुलांनीही एवढे ध्यानात ठेवावे की नुसत्या संगणकावर न थांबता चित्र काढणे, लाकूडकाम, उजेड-सावलीचा अभ्यास हेही शिकून घ्यावे. यंत्रे बदलत राहतील. दादासाहेबांच्या उपयोगी पडला तो हाताला लागलेला सराव, आणि तो त्यांना या गावाने दिला, याचा आम्हा बडोदेकरांना अभिमान आहे.